अजिंठ्याच्या नकला आणि गणितातील प्रतिचौकट

एकाच चित्राच्या पुष्कळ नकला करणे हा उद्योग बरेच लोक रिकामटेकडेपणाचा समजतात. मूळ चित्र जागेवर आहे ना, मग नकला हव्यात कशाला? या प्रश्नाचे उत्तर अजिंठ्याच्या इतिहासाने दिले आहे, आणि तेही दोन वेळा आगीतून.

१८१९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस वाघोरा नदीच्या वळणावरची ही लेणी पडली. पुढे १८४४ साली मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल याला भिंतीवरील चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमले. त्याने जवळजवळ वीस वर्षे येथे काढली आणि मोठमोठे कॅनव्हास रंगवून लंडनला धाडले. ते तेथल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लोकांसाठी मांडले होते. १८६६ च्या डिसेंबरात त्या इमारतीला आग लागली, आणि गिलच्या आयुष्यभराच्या कामातील मोजकीच चित्रे वाचली.

मग १८७२ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला गेले. १८८५ पर्यंत त्यांनी सुमारे ३०० नकला तयार केल्या. त्याही लंडनलाच गेल्या, आणि त्याच १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या आगीत त्यांतल्या अनेक जळाल्या. तरी बऱ्याच उरल्या, आणि त्यांच्यावरून १८९६-९७ मध्ये दोन खंडांचा ग्रंथ निघाला. पुढे १९०९ ते १९११ मध्ये लेडी हेरिंगहॅम नंदलाल बोस, असितकुमार हालदार प्रभृतींना घेऊन आल्या. निजाम सरकारच्या वतीने गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात छायाचित्रांचे चार भाग काढले. दरम्यान भिंतीवरचे रंग विरत होते, पोपडे गळत होते. आज एखाद्या दालनात जेथे नुसता गिलावा दिसतो, तेथे काय होते याचा शोध घ्यायचा तर या जुन्या नकलाच उघडाव्या लागतात.

म्हणजे जे 'जास्तीचे' वाटले, तेच कामाला आले. आता गंमत बघा, हाच विचार विसाव्या शतकातल्या गणितज्ञांनी काटेकोरपणे मांडला. त्यांनी त्याला 'फ्रेम' म्हटले. आपण 'चौकट' म्हणू. तिच्या जोडीला जी दुसरी चौकट लागते, ती 'प्रतिचौकट'.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा लेण्याच्या दालनात मधोमध एक खूण केली आहे, आणि तेथून तीन दिशा सारख्या अंतराने आखल्या आहेत. दालनात कोठेतरी पणती ठेवली आहे. तीन माणसे आपापल्या दिशेपुरती नोंद करतात, की पणती खुणेपासून माझ्या दिशेने किती हात पुढे किंवा मागे आहे. जमिनीवरची जागा सांगायला खरे तर दोनच नोंदी पुरतात, तिसरी जास्तीची. पणती पहिल्या दिशेवर बरोबर ६ हातांवर असली, तर पहिला म्हणेल '६ पुढे', आणि उरलेले दोघे म्हणतील '३ मागे'. तिन्ही आकड्यांची बेरीज शून्य येते, आणि पणती कोठेही ठेवली तरी शून्यच येते. बेरीज शून्य आली नाही, तर कोणीतरी चुकला हे लगेच कळते. एकाची वही हरवली, तरी बाकी दोन वह्यांवरून तिचा आकडा काढता येतो.

पण येथे एक मेख आहे. नोंदी जशाच्या तशा घेऊन आपण चालू लागलो, म्हणजे पहिल्या दिशेने ६ हात पुढे आणि बाकी दोन दिशांनी ३-३ हात मागे गेलो, तर पोहोचतो ९ हातांवर! जास्तीच्या नोंदींमुळे तीच गोष्ट दीडपट मोजली गेली. म्हणून परत जाताना प्रत्येक पाऊल दोन-तृतीयांश करावे लागते. ही आखूड केलेली पावले म्हणजेच प्रतिचौकट. नोंद एका चौकटीने करायची आणि वस्तू परत उभी करायची ती तिच्या प्रतिचौकटीने.

शिवाय प्रतिचौकट एकच असते असे नाही. तिन्ही आकड्यांची बेरीज शून्य असल्यामुळे तिन्ही पावलांत एकच पाऊल सारखे मिळवले, तरी उत्तर बदलत नाही. मग असे पाऊल निवडावे की तिसरे पाऊल शून्य होऊन जाईल! तिसऱ्याची वही जळाली असेल, तर नेमकी हीच प्रतिचौकट उपयोगी पडते. सगळ्या वह्या शाबूत असतील आणि प्रत्येकीत थोडीथोडी चूक असेल, तर मात्र दोन-तृतीयांशची पहिलीच बरी, कारण ती चुका सर्वांत कमी वाढवते.

ही कल्पना डफिन आणि शेफर या दोघांनी १९५२ साली मांडली. तीसेक वर्षे तिच्याकडे फारसे कोणी वळले नाही. १९८६ मध्ये दोबेशी, ग्रॉसमन आणि मेयर यांनी तिला नवे रूप दिले, आणि आवाज व चित्रे यांच्या अभ्यासात ती रुजली. २००० साली ठरलेल्या जेपीईजी २००० या पद्धतीत चित्र एका संचाने फोडतात आणि त्याच्या जोडसंचाने परत जुळवतात. त्याच साली बर्ताल्मियो आणि सहकाऱ्यांनी चित्रातील गळालेला भाग गणिताने भरण्याची एक रीत दिली, आणि तिला नाव दिले ते भित्तिचित्रे सांधणाऱ्या कारागिरांच्याच परिभाषेतले.

तथापि या शास्त्राची एक अट आहे, आणि ती अजिंठ्यालाही लागू पडते. कोणतीही वस्तू नोंदींतून पूर्णपणे निसटता कामा नये. शंभर माणसांनी एकाच दिशेची नोंद केली, तर आकडे शंभर होतील, पण दुसऱ्या दिशेबद्दल काहीच कळणार नाही, आणि कोणतीही प्रतिचौकट ते परत आणू शकणार नाही. संख्या नव्हे, वेगळेपण हवे. गिलने कॅमेऱ्याने थोड्या-थोड्या अंतरावरून जोडचित्रेही घेतली होती आणि ती १८६४ मध्ये छापून निघाली. त्या दोन प्रतिमांतल्या बारीकशा फरकामुळेच खांबांची खोली डोळ्यांना दिसते. उलट त्याचे कॅनव्हास एकाच छपराखाली ठेवले गेले, म्हणून एकाच आगीत गेले.

आणि जेथे कोणीच नोंद केली नाही, तेथे संगणकाने भरलेला रंग हा सुंदर असला तरी अंदाजच असतो. तो अंदाज आहे असे स्पष्ट लिहून ठेवणे हे आपले कर्तव्य आहे, नाहीतर उद्याची पिढी आपल्या रंगालाच अजिंठा समजेल. १९८३ पासून ही लेणी जागतिक वारशाच्या यादीत आहेत. त्यांची नोंद वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या साधनांनी व्हावी, आणि त्या नोंदी वेगवेगळ्या गावी जपल्या जाव्यात. मूळ भिंत एकदा गळाली की परतीचा रस्ता या जास्तीच्या वह्यांतूनच जातो.