तळटीप : मॅक्रोमधली नावे कोणाची?
लेखकाने इथे ‘स्वच्छ मॅक्रो’ एवढेच म्हणून विषय सोडला आहे. थोडा खुलासा हवा. सी भाषेतला मॅक्रो म्हणजे निव्वळ मजकुराची पेरणी. प्रीप्रोसेसरला स्कोप ठाऊकच नसतो. दोन व्हेरिएबलांच्या किमतींची अदलाबदल करणारा ‘स्वॅप’ मॅक्रो घ्या. त्याच्या कंसात ‘टेम्प’ नावाचे तात्पुरते व्हेरिएबल असते. वापरणाऱ्याच्याच व्हेरिएबलाचे नाव ‘टेम्प’ निघाले, की आतले बाहेरच्याला झाकून टाकते आणि अदलाबदल होतच नाही. कंपायलर पुष्कळदा चकार शब्द काढत नाही, हे अधिक वाईट. लिस्पवाले यावर ‘जेनसिम’ने दर खेपेला नवे, कुठेच न वापरलेले नाव घडवत; पण ते आठवणीने करावे लागे. कोलबेकर, फ्रीडमन, फेलायझेन आणि डूबा यांनी 1986 साली ही जबाबदारी मॅक्रो उलगडणाऱ्या यंत्रणेवरच टाकली. स्कीम भाषेच्या 1998च्या अहवालात अशा ‘स्वच्छ’ मॅक्रोंना मुख्य भाषेत जागा मिळाली. रस्टच्या ‘मॅक्रो-रूल्स’मध्ये मात्र ही शिस्त मुख्यतः लोकल व्हेरिएबल आणि लेबलांपुरती आहे, फंक्शनांची नावे मॅक्रो वापरला त्याच जागी शोधली जातात. पुढच्या पानावरचे उदाहरण वाचताना वाचकांनी हे ध्यानात ठेवावे. — संपादक