हाडांची आयुधे : शिकारीच्या इतिहासातील हरवलेला दुवा

दुर्गापुरा ही आज जयपूर शहराची गजबजलेली वस्ती आहे. तेथून उत्तरेस, नीम का थानाजवळील गणेश्वर येथे तांब्याची शेकडो बाणाग्रे मिळाली. भिलवाडा जिल्ह्यात कोठारी नदीकाठच्या बागोर येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. वीरेंद्रनाथ मिश्र यांनी १९६७ ते १९७० या काळात उत्खनन केले. तेथे हजारो सूक्ष्मास्त्रे, म्हणजे गारगोटीची बारीक पाती, तसेच वन्य व पाळीव जनावरांची हाडे सापडली. दगड आणि तांबे टिकले, म्हणून शिकारीचा इतिहास त्यांच्याच नावाने लिहिला गेला. लाकूड मात्र कुजते आणि आम्लधर्मी मातीत हाडही विरून जाते.

ज्या मातीने हाडे जपली, तेथील चित्र निराळे आहे. उत्तर प्रदेशातील प्रतापगढ जिल्ह्यातील महादहा या मध्याश्मयुगीन स्थळी हाडांची बाणाग्रे आणि अलंकार मिळाले. काश्मीरमधील बुर्झाहोम येथील नवाश्मयुगीन वस्तीत हाडांच्या सुया, बाणाग्रे व काटेरी भाले सापडले.

अशी आयुधे घडविण्याची रीत साधी, पण चिकाटीची होती. जनावराच्या पायाचे लांब हाड उभे चिरावयाचे, दगडी पात्याने तासावयाचे आणि खरबरीत दगडावर घासून टोक काढावयाचे. दगडी पाते कठीण आघाताने फुटते. हाड त्या मानाने चिवट असते आणि बोथट झालेले टोक पुन्हा घासता येते. टोक काठीला बसविण्यासाठी डिंक व स्नायूंचे दोर उपयोगी पडत. दगडी पात्याचे काम कापण्याचे, तर हाडाच्या टोकाचे काम खोल शिरण्याचे. काटेरी भाल्याचे मागे वळलेले दात माशाच्या अंगात रुतून बसत, त्यामुळे मासा निसटत नसे.

बुर्झाहोम येथील एका शिळेवर शिकारीचे दृश्यच कोरलेले आहे. त्यात एक शिकारी धनुष्य रोखून उभा आहे, दुसऱ्याच्या हाती लांब भाला आहे आणि मध्ये हरीण आहे. एकाने दुरून घायाळ करावे, दुसऱ्याने जवळून गाठावे, अशी ही सहकार्याची शिकार दिसते. बाण किंवा भाला एकट्याने पुरा पडत नसे.

मुले ‘अश्मयुग’ हा शब्द पाठ करतात, तेव्हा त्यांना एवढे अवश्य सांगावे, की ते नाव टिकून राहिलेल्या वस्तूवरून पडले आहे. त्या माणसांच्या हाती दगडाबरोबरच हाड, शिंग, लाकूड आणि दोरही होते. इतिहास वाचताना सापडलेल्या वस्तूंइतकाच नाहीशा झालेल्या वस्तूंचाही विचार करावा लागतो. ही सवय शाळेतच लागावी.