‘कोंडी’ : एका शब्दाचा ऐतिहासिक अर्थविचार

जेथून पुढे वाट नाही अशा स्थितीसाठी मराठीत ‘कोंडी’ हा शब्द रूढ आहे. ‘बंद गल्ली’ ही रस्त्याची रचना होय. वाटसरू नसतानाही ती बंदच असते. ‘कोंडी’ मात्र कोणाची तरी असते आणि बहुधा कोणीतरी केलेली असते. ‘कोंडणे’ या सकर्मक क्रियापदाशी असलेल्या नात्यामुळे कोणी कोंडले, कोणाला कोंडले आणि सुटकेची वाट कोणती, हे तीन प्रश्न या शब्दासोबत येतात. इतिहासलेखनातील त्यांचे महत्त्व तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

‘पानिपतावर मराठ्यांची कोंडी झाली’ हे विधान परिचित आहे. परंतु त्यातील ‘झाली’ हे क्रियापद कर्त्याला झाकून टाकते. ऑक्टोबर १७६० च्या अखेरीस अहमदशहा अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली व तो मराठी फौज आणि दिल्ली यांच्यामध्ये आला. त्याच वेळी मराठी फौज त्याच्या मायदेशाच्या वाटेवर उभी होती. म्हणजेच आरंभी कोंडी परस्परांची होती. अब्दालीला मात्र यमुनेपलीकडून, रोहिल्यांच्या प्रदेशातून रसद मिळत राहिली. ती तोडण्याच्या कामगिरीवर असलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले आणि कोंडी एकतर्फी झाली. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठी सैन्य छावणीबाहेर पडले, ते ती फोडण्यासाठी.

वसाहतकाळात ‘कोंडवाडा’ या शब्दामागे कायदा उभा राहिला. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणविषयक कायद्यान्वये पिकात शिरलेली गुरे कोंडवाड्यात घातली जात व दंड आणि चाऱ्याचा खर्च भरल्यावर सुटत. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलात शिरलेल्या गुरांनाही ही तरतूद लागू झाली. खानदेशात, सातपुड्याच्या पायथ्याशी रानातील चराईवर अवलंबून असलेल्यांच्या दृष्टीने याचा अर्थ स्पष्ट होता : कोंडले जाई ते जनावर, कोंडी होई ती मालकाची. दया पवार यांनी १९७४ मधील आपल्या काव्यसंग्रहाला ‘कोंडवाडा’ हेच नाव दिले, तेव्हा गुरांसाठीचा हा शब्द माणसाच्या सामाजिक बंदिवासाचा वाचक ठरला.

सारांश, ‘कोंडी’ म्हणजे वाटेचा अंत नव्हे, तर वाट अडविली जाणे होय. म्हणूनच मराठीत कोंडी ‘फुटते’ किंवा ‘फोडली’ जाते. ‘वाहतूक कोंडी’पासून ‘राजकीय कोंडी’पर्यंत आजही हा शब्द बहुधा ‘झाली’ या क्रियापदासह येतो. ‘झाली’च्या जागी ‘केली’ ठेवून कर्त्याचा शोध घेणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम होय.