रोजकीर्द, ताळेबंद आणि रुजुवात : घरगुती संगणकाच्या पूर्ण प्रतीच्या मंदगतीचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :

इतिहासाच्या अभ्यासकाची साधने पूर्वी दप्तरखान्यात, वाड्याच्या माळ्यावर किंवा देवघराशेजारच्या फडताळात सापडत असत. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ती मोठ्या प्रमाणावर घरगुती संगणकात येऊन राहिली आहेत. मोडी कागदांची छायाचित्रे, वृद्ध व्यक्तींच्या मुलाखतींचे ध्वनिमुद्रण, गावोगावच्या शिलालेखांच्या नोंदी हे सारे आज अनेकदा एका यंत्रातील एका डिस्कवर असते. अशा साधनाची एकच प्रत असणे धोक्याचे आहे, हे कोणी अमान्य करीत नाही. तरीही दुसरी प्रत घेतली जात नाही. याचे कारण नेहमीच अज्ञान किंवा आळस असते असे म्हणता येत नाही. पुष्कळदा कारण अगदी साधे असते. प्रत घेण्यास फार वेळ लागतो. सायंकाळी सुरू केलेला बॅकअप सकाळपर्यंत निम्माही होत नाही, तेव्हा तो बंद केला जातो आणि पुढच्या सुटीवर ढकलला जातो.

कार्यप्रणाली, आज्ञावली, त्यांची मांडणी आणि सर्व फायली यांची एकत्रित नक्कल म्हणजे फुल सिस्टिम बॅकअप, मराठीत पूर्ण प्रत. ही प्रत मंद का होते, हा प्रश्न सामान्यतः दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञाचा मानला जातो. प्रस्तुत निबंधात त्याचा विचार नक्कल करण्याच्या जुन्या परंपरेच्या आधारे करण्याचा मानस आहे. कारण मंदगतीची कारणे नवी असली तरी तिच्यावरील उपाय पुष्कळ अंशी आपल्याच दप्तरांत सापडतो.

नकलेची जुनी परंपरा :

एकाच प्रतीवर विसंबण्याचे परिणाम विदर्भाने फार पूर्वी अनुभवले आहेत. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात रिद्धपूर येथे म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली आणि महानुभाव अनुयायांना स्मरणाच्या आधारे ती पुन्हा सिद्ध करावी लागली. एकाहून अधिक जणांनी हे काम केल्यामुळे वेगवेगळे पाठ निर्माण झाले. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेली आवृत्ती १९७८ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यामागे पाठांच्या या गुंत्याचा दीर्घ अभ्यास होता. ग्रंथ वाचला, ही त्या अनुयायांची थोरवीच होय; पण मूळ शब्द कोणता, हा प्रश्न मात्र कायमचा मागे राहिला.

मराठेशाहीतील दप्तरव्यवस्थेने या प्रश्नाचा विचार व्यवहाराच्या अंगाने केलेला दिसतो. रोजच्या रोज होणारे व्यवहार रोजकीर्दीत चढत. वर्षाअखेरीस ताळेबंद तयार होई. बाहेर जाणाऱ्या पत्राची नोंद बारनिशीकडे राही, नकलेस तालीक म्हणत आणि मुळाशी ताडून पाहिल्यावर कागदावर ‘रुजू’ असा शेरा पडे. यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, संपूर्ण दप्तर रोज नव्याने उतरून काढण्याचा खटाटोप कोणी करीत नसे. बदललेले तेवढे रोज, सगळे मिळून वर्षातून एकदा, आणि प्रत्येक नकलेची रुजुवात, अशी ही तीन पदरी व्यवस्था होती. संगणकशास्त्रात आज ज्याला इन्क्रिमेंटल बॅकअप, फुल बॅकअप आणि व्हेरिफिकेशन म्हणतात, ते याहून फारसे वेगळे नाही.

चुंबकीय फितीपासून बाह्य डिस्कपर्यंत :

संगणकाच्या जगात हाच विचार पुन्हा शून्यापासून घडला. आयबीएम कंपनीने १९५२ मध्ये आणलेला ७२६ हा चुंबकीय फितीचा संच सेकंदाला सुमारे ७,५०० अक्षरे वाचू शकत असे. मोठ्या कार्यालयांतून फितींच्या तीन पिढ्या ठेवण्याची रीत पुढे रूढ झाली आणि तिला आजोबा, वडील, मुलगा अशी नावे पडली. नवी फीत बिघडली तर तिच्या आधीची, तीही गेली तर त्याच्या आधीची, अशी ही योजना होती. वंशावळीत रमणाऱ्या आपल्या समाजाला हे नामकरण परके वाटू नये!

घरगुती संगणकाबाबत हा प्रश्न १९८३ नंतर उभा राहिला. त्या वर्षी आलेल्या आयबीएम पीसी एक्सटीमध्ये १० एमबीची हार्ड डिस्क होती, तर फ्लॉपीवर ३६० केबी मावत. म्हणजे पूर्ण प्रतीसाठी जवळजवळ तीस फ्लॉपी एकामागून एक घालत बसावे लागे. त्याच वर्षीच्या डॉस २.० मध्ये बॅकअप ही आज्ञा आली. प्रत्येक फाइलीला एक लहानशी खूण जोडलेली असे. फाइल बदलली की खूण चढे, प्रत झाली की उतरे. त्यामुळे बदललेल्या फायलींचीच प्रत घेणे शक्य झाले. या खुणेस आर्काइव्ह बिट असे नाव आहे. अभिलेखागाराशी तिचा नामसंबंध जुळावा, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्यास सुखावणारी आहे. पुढे १९९६ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी आरसिंक ही आज्ञावली प्रसिद्ध केली. तिने फाइलीच्या आतील बदललेला भाग तेवढाच पाठविण्याची पद्धत रूढ केली.

यानंतर वेग वाढत गेला, पण प्रतीक्षा संपली नाही. यूएसबीच्या १९९८ मधील १.१ या आवृत्तीतून प्रत्यक्षात सेकंदाला जेमतेम १ एमबी जात असे; त्या हिशेबाने ४० जीबीच्या डिस्कला अकरा तास लागत. २००० साली आलेल्या २.० आवृत्तीने तेच काम सुमारे पंचवीस मिनिटांवर आणले. परंतु तोवर डिस्क मोठ्या होऊ लागल्या होत्या. ४०० जीबीला याच मार्गाने पावणेचार तासांच्या आसपास वेळ लागतो. तो मार्ग पूर्ण मोकळा मिळाला तर!

तो मोकळा नसे. २००१ च्या विंडोज एक्सपीत एक चमत्कारिक तरतूद होती. डिस्कशी देवाणघेवाण करताना चुका साचून सहा झाल्या की, प्रणाली आपण होऊन वेगाची एकेक पायरी उतरत जाई आणि अखेर पीआयओ या अतिमंद पद्धतीवर येऊन थांबे. वापरणाऱ्यास याची सूचना मिळत नसे. यंत्र जुने झाले, एवढाच निष्कर्ष काढला जाई. त्यातच महाराष्ट्रात २००५ नंतरची काही वर्षे तीव्र भारनियमनाची होती. विजेच्या दोन खंडांमधील अवकाशात जी प्रत पूर्ण होत नाही, ती पुष्कळदा कधीच पूर्ण होत नाही. कारण साध्या आज्ञावलीत अर्धवट राहिलेली पूर्ण प्रत पुन्हा आरंभापासून घ्यावी लागते. मंदगती हा केवळ गैरसोयीचा विषय नव्हता, हे यावरून लक्षात यावे.

एक प्रत्यक्ष अनुभव :

प्रस्तुत लेखकाचा या विषयाशी आलेला संबंध पुस्तकी नाही. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटा यांनी सुरू केली. १९८६ मध्ये तिचे राष्ट्रीयीकरण झाले आणि २००२ मध्ये ती बंद पडली. एम.फिल.च्या लघुप्रबंधासाठी या गिरणीतील काही माजी कामगारांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या होत्या. त्या घरच्या संगणकावर होत्या आणि अन्यत्र कोठेही नव्हत्या. २०२२ च्या उन्हाळ्यात, महाविद्यालयास सुटी असताना, संपूर्ण संगणकाची प्रत घ्यावयाचे ठरविले. एकूण साठा सुमारे ४०० जीबी होता. आठ तासांनंतर काम निम्म्यावर आले होते. म्हणजे वेग सेकंदाला ७ एमबीच्या आसपास पडत होता. त्यानंतर आकडा पुढे सरकेना.

प्रथम वाटले ते असे की, नवी डिस्क विकत घ्यावी. सुदैवाने तसे केले नाही. नक्कल म्हणजे तीन क्रिया, मूळ वाचणे, वाहून नेणे आणि लिहिणे. यांपैकी सर्वांत मंद क्रिया ठरवील तोच एकूण वेग. म्हणून प्रत्येक क्रिया वेगळी तपासण्याचे ठरविले.

चार जीबीची एकच मोठी फाइल बाह्य डिस्कवर नेऊन पाहिली, तेव्हा वेग २८ एमबीच्या पुढे जाईना. हा यूएसबी २.० चा ओळखीचा आकडा होय. डिस्क संगणकाच्या पुढील बाजूच्या जुन्या खाचेत लावलेली होती. मागील निळ्या खाचेत, म्हणजे २००८ मध्ये निश्चित झालेल्या ३.० मार्गावर लावताच तीच फाइल चाळीस सेकंदांच्या आत गेली. पण यातून सर्व उलगडा होत नव्हता. मार्ग २८ चा असताना वेग ७ का पडावा?

मग तितक्याच आकाराची, परंतु सुमारे साठ हजार लहान फायलींची एक पेटी घेतली. तिला पंचवीस मिनिटे लागली. फिरत्या तबकडीच्या डिस्कमध्ये प्रत्येक फाइलीसाठी वाचणारे शीर्ष योग्य जागी न्यावे लागते आणि तबकडी फिरून तो भाग त्याखाली येईपर्यंत थांबावे लागते. मिनिटाला ५,४०० फेऱ्या घेणाऱ्या डिस्कमध्ये केवळ हे थांबणे सरासरी साडेपाच मिलिसेकंदांचे असते. त्यात शीर्षाचा प्रवास, यादीतील नोंद आणि विषाणूरोधक आज्ञावलीची झडती मिळविली की, एका चिमुकल्या फाइलीमागे पंचवीस मिलिसेकंद सहज जातात. या फायलींतील बहुसंख्य इंटरनेट न्याहाळकाने साठविलेला पालापाचोळा होता. त्याची नक्कल करण्याचे कारणच नव्हते.

लिहिण्याच्या बाजूसही एक अडचण निघाली. अलीकडच्या अनेक स्वस्त बाह्य डिस्कमध्ये लेखनाचे पट्टे छपरावरील कौलांप्रमाणे एकावर एक किंचित चढविलेले असतात. एक कौल बदलायचे तर शेजारची उचलावी लागतात. आरंभी राखीव जागेत भराभर लेखन होते. ती भरली की वेग कोसळतो. काही डिस्कमधील ही रचना ग्राहकांना सांगितली गेली नव्हती, यावरून २०२० मध्ये बराच गदारोळ झाला होता. अशा डिस्कला मध्ये विसावा देणे एवढाच उपाय आहे.

खरे कारण मात्र सर्वांत शेवटी हाती लागले, आणि ते सर्वांत आधी पाहावयास हवे होते. आकडा ज्या ठिकाणी अडला होता, ती फाइल एका मुलाखतीची होती. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. त्या नोंदीत बाद ठरवून बदललेल्या खंडांची संख्या दिसत होती आणि ती दर वाचनागणिक वाढत होती. यंत्र तोच खंड पुन्हा पुन्हा वाचण्याचा प्रयत्न करीत होते. ज्याला आम्ही मंदगती समजत होतो, ती मूळ डिस्क मरू लागल्याची खूण होती. अशा डिस्कवर आठ-आठ तासांची पूर्ण प्रत लादणे म्हणजे जीर्ण पोथी झटकून पाहण्यासारखे होते.

तत्काळ पूर्ण प्रतीचा विचार सोडून दिला. प्रथम मुलाखती, नंतर कागदपत्रांची छायाचित्रे, नंतर टिपणे, अशा क्रमाने प्रती घेतल्या. अडलेल्या फाइलीसाठी डीडीरेस्क्यू ही आज्ञावली वापरली. ती आधी सुस्थितीतील भाग उतरून घेते आणि बिघडलेल्या खंडांकडे शेवटी वळते. ती मुलाखत कताई खात्यातील एका कामगाराची होती. रात्रपाळीच्या वर्णनातील सुमारे चार मिनिटे मिळाली नाहीत. तेथे आता केवळ शांतता आहे. सांगणारे गृहस्थ तोवर वारले होते. त्यांना पुन्हा विचारता येण्यासारखे नव्हते आणि म्हाइंभटांच्या पोथीप्रमाणे स्मरणातून ती मिनिटे पुन्हा सिद्ध करण्याचा अधिकारही आम्हांस नव्हता.

व्यवस्था आणि जागा :

यानंतर जी व्यवस्था लावली, ती दप्तराच्या धर्तीवर आहे. दर रात्री बदललेल्या फायलींचीच प्रत होते; तिला बहुधा दहा मिनिटेही लागत नाहीत. संपूर्ण संगणकाची प्रत वर्षातून दोनदा, दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीत, घेतली जाते. पूर्ण प्रतीचा उपयोग तेच यंत्र जसेच्या तसे उभे करण्यापुरता असतो, हेही येथे नमूद केले पाहिजे. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यावर अनेकांनी यंत्रे बदलली. नव्या यंत्रावर जुन्या कार्यप्रणालीची नक्कल फारशी उपयोगाची नसते. साध्या फाइलीच्या रूपात ठेवलेली मुलाखत मात्र कोठेही ऐकता येते. अभ्यासकाने रात्र-रात्र कशासाठी घालवावी, हे यावरून ठरविता येईल.

रुजुवातीचा वेळ वाचविण्याचा मोह अनेकांना होतो, कारण तिने कामाचा अवधी जवळजवळ दुप्पट होतो. प्रस्तुत लेखक तो मोह टाळतो. न ताडलेली नक्कल ही नक्कल आहे की नाही, हे मूळ नष्ट झाल्यावरच कळते.

एक चूक तरीही राहून गेली होती. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी या वस्त्यांतील तळमजल्यांत शिरले. लोक झोपेत होते. काहींचे प्राण गेले. त्यापुढे कागदपत्रांची गोष्ट काढणे संकोचाचे आहे. परंतु पाणी ओसरल्यानंतरच्या दिवसांत रस्त्यांवर वाळत घातलेल्या पुस्तकांच्या आणि फायलींच्या थप्प्या पाहताना ध्यानात आले की, आमचा संगणक, दररोजची डिस्क आणि सुटीतील डिस्क ही तिन्ही तळमजल्यावरील एकाच मेजावर होती. आमच्याकडे पाणी आले नाही, इतकेच.

आता सुटीतील डिस्क मानेवाड्यास, नातेवाइकांच्या घरी, दुसऱ्या मजल्यावरील कपाटात असते. दर सहा महिन्यांनी ती आणावयाची, पूर्ण प्रत घ्यावयाची, ताडावयाची आणि परत नेऊन ठेवावयाची, असा परिपाठ आहे. गेल्या दिवाळीत त्यास साडेचार तास लागले. डिस्कच्या वेष्टनावर एक कागद चिकटविला आहे; त्यावर प्रत्येक वेळी तारीख लिहिली जाते आणि तिच्यापुढे ‘रुजू’ असा शेरा पडतो.