जुन्नरच्या लेण्यांतील दात्यांचा समाज

प्राचीन संस्कृतींचा इतिहास बहुधा राजांच्या नावाने सांगितला जातो. इजिप्तचे उदाहरण सर्वश्रुत आहे. गिझाचा मोठा पिरॅमिड इ. स. पूर्व २६०० च्या सुमारास खुफू या एका राजाच्या मरणोत्तर जीवनासाठी उभारला गेला. तेथे राबलेल्या कामगारांची वस्ती आणि थडगी उत्खननात सापडली आहेत. परंतु स्मारक मात्र राजाचेच राहिले. राजा हाच देव, ही तेथील राज्यव्यवस्थेची आणि श्रद्धेचीही बैठक होती. आपल्या जुन्नरचे डोंगर याहून वेगळी साक्ष देतात. ती त्या डोंगरांतील ब्राह्मी लेखांत कोरलेली आहे.

कुकडी, मीना आणि घोड या नद्यांची खोरी आजच्या जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत पसरली आहेत. कोकणातून घाटावर येणारा मोठा व्यापारी मार्ग नाणेघाटातून जुन्नरला पोहोचत असे. घाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे. त्यात अश्वमेधादी यज्ञांची आणि विपुल दक्षिणेची यादी आहे. म्हणजे राजघराण्याचा अधिकृत धर्म वैदिक होता. याच मार्गाने पुढे आल्यावर तुळजा, शिवनेरी, मानमोडी व लेण्याद्री या डोंगरांत दोनशेच्या आसपास बौद्ध लेणी लागतात. यज्ञाला राजकोश होता. मग या लेण्यांचा खर्च कोणी केला?

उत्तर लेखांतच आहे. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा, म्हणजे सोनाराचा किंवा खजिनदाराचा, पुत्र सुलसदत याचे दान आहे. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दिले. बांबूकाम करणारे वंसकार आणि काशाची भांडी घडविणारे कासाकार यांच्या श्रेणींकडे दानाची रक्कम ठेव म्हणून ठेवली जाई व तिच्या व्याजातून संघाचा खर्च चाले. पाली-प्राकृतातील 'सेणी' हा शब्द केवळ धंद्याचा गट दर्शवीत नाही. ती विश्वासाने पैसा सांभाळणारी संस्था होती. बांबू सोलणाऱ्या हातांवर त्या काळच्या समाजाचा एवढा विश्वास होता, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

परदेशीयही यात होते. चंद नावाच्या यवनाने मानमोडीवरील चैत्यगृहाचे दर्शनी द्वार दिले, चित या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला, तर इरिल याने दोन टाकी दिली. आडुथुम नावाच्या शक उपासकाने करंजाच्या झाडांसाठी २० आणि वडांसाठी ९ निवर्तने जमीन लावून दिली. धम्मुत्तरीय निकायाच्या भिक्षुणींसाठी नगरात असलेल्या उपाश्रयाचाही उल्लेख एका लेखात येतो. यवन, शक, सोनार, धान्यव्यापारी आणि भिक्षुणी एकाच डोंगराच्या आश्रयाने नांदत होते.

राज्यसत्तेचे स्थानही याच लेखांतून कळते. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य वत्सगोत्री अयम याने ४६ व्या वर्षी एक टाके व मंडप 'पुण्यार्थ' दिला. हे वर्ष शक संवताचे मानल्यास इ. स. १२४ येते. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव करून त्याची नाणी पुन्हा छापली. १९०६ साली जोगळटेंबी येथे सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांच्या साठ्याने ते सिद्ध झाले. राज्ये बदलली, पण डोंगरावरचा संघ एका राजघराण्याच्या कृपेवर जगत नव्हता. अमात्यही तेथे इतर दात्यांसारखाच एक दाता होता.

श्रद्धेचे रूप 'देयधम' या एका शब्दात आले आहे. पालीत तो 'देय्यधम्म', म्हणजे देण्याजोगी वस्तू. मृताच्या सोबतीला पुरलेले धन आणि आल्या-गेल्या भिक्षूची तहान भागविणारे टाके, या दोन्हींच्या मागे पुढील जीवनाचा विचार असेलही. परंतु टाक्याचे पाणी जिवंत माणसाच्या उपयोगी पडते. चारही दिशांच्या संघाला दिलेले दान कोणा एकाचे राहत नाही, हा विनयाचा दंडक येथे दगडात उतरला आहे.

इजिप्त आणि आपला हा प्रदेश एकमेकांना अपरिचित नव्हते. पहिल्या शतकात इजिप्तमधील एका ग्रीक लेखकाने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रंथात कल्याण बंदराचा निर्देश आहे. तांबड्या समुद्राकाठच्या बेरेनिके येथे २०२२ साली इसिस देवीच्या मंदिरात संगमरवरी बुद्धमूर्ती मिळाली. त्याच स्थळी सातवाहनांची नाणीही मिळाली आहेत. व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर तथागतांचे नाव नाईलच्या देशात पोहोचले होते.

आज लेण्याद्रीच्या पायऱ्या हजारो लोक चढतात. सातव्या क्रमांकाच्या विहारात गिरिजात्मज गणपतीचे दर्शन घेतात आणि शेजारच्या सहाव्या लेण्यातील स्तूपापुढून निघून जातात. तेथील ओळ वाचणारा क्वचितच आढळतो. ऊन-पावसाने अक्षरे झिजत आहेत. धम्मलिपी शिकणाऱ्या आपल्या तरुणांनी या लेखांचे वाचन गावोगावी करून दाखविले पाहिजे. आपला इतिहास केवळ राजांच्या कृपेचा नाही. तो धान्य मोजणाऱ्यांचा आणि बांबू विणणाऱ्यांचा आहे, आणि त्याला पुरावा आहे.