चित्रे टांगणारा इतिहासकार : आल्फ्रेड बार

कलेचा इतिहास ग्रंथांतून लिहिला जातो अशी सर्वसाधारण समजूत आहे. विसाव्या शतकातील चित्रकलेपुरते पाहिले तर तो पुष्कळ अंशी आधी भिंतींवर मांडला गेला आणि मागाहून ग्रंथांत उतरला. कोणते चित्र कोणत्या चित्राशेजारी लावावयाचे, दोहोंमध्ये किती जागा मोकळी सोडावयाची, कोणाला दालनाच्या प्रारंभी स्थान द्यावयाचे, हे निर्णय वरकरणी व्यवस्थापकाचे वाटतात. वस्तुतः ते समीक्षकाचे असतात. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाचा पहिला संचालक आल्फ्रेड एच. बार याची कारकीर्द याची साक्ष देते.

बारचा जन्म 1902 साली डेट्रॉइट येथे एका प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकाच्या घरी झाला. प्रिन्स्टन व हार्वर्ड येथे शिक्षण घेऊन 1927 साली तो वेलस्ली महाविद्यालयात आधुनिक कला शिकवू लागला. त्याच वर्षी तो युरोपच्या प्रवासास निघाला. डेसाऊच्या बाउहाउसमध्ये चित्र, खुर्ची, इमारत आणि छापील अक्षर यांचा एकत्र विचार होत असलेला त्याने पाहिला; मॉस्कोत रॉड्चेन्को व आयझेनस्टाइन यांची भेट घेतली. पुढे त्याच्या संग्रहालयात वास्तुकला, चित्रपट आणि छायाचित्रण यांचे स्वतंत्र विभाग निघाले, त्यांचे बीज या प्रवासात आहे.

लिली ब्लिस, मेरी क्विन सलिव्हन आणि ॲबी रॉकफेलर या तीन स्त्रियांच्या पुढाकाराने हे संग्रहालय स्थापन झाले. संचालकाचे वय सत्तावीस. शेअरबाजार कोसळून पुरते दोन आठवडेही लोटले नव्हते, तोच 7 नोव्हेंबर 1929 रोजी फिफ्थ ॲव्हेन्यूवरील एका इमारतीच्या बाराव्या मजल्यावर पहिले प्रदर्शन उघडले. सेझान, गोगँ, स्यूरा व व्हॅन गॉग हे त्यातील चौघे चित्रकार. चौघेही दिवंगत होते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. नवतेचा पुरस्कर्ता प्रथम तिची वंशावळ सिद्ध करीत होता. महिन्याभरात सुमारे 47 हजार लोक येऊन गेले. बारने चित्रे एकावर एक न रचता डोळ्यांच्या उंचीवर एका ओळीत लावण्याची रीत पाडली. आज ती इतकी अंगवळणी पडली आहे की, ती कोणी तरी ठरविली होती हेच विसरले जाते.

1933 साली रजेवर असताना तो श्टुटगार्टला होता. ओस्कार श्लेमरचे प्रदर्शन नाझी राजवटीच्या दडपणाने बंद पडलेले त्याने पाहिले आणि तारेने निरोप धाडून आपला मित्र फिलिप जॉन्सन याच्याकरवी श्लेमरचे ‘बाउहाउसचा जिना’ हे चित्र खरेदी करविले. तीन वर्षांनी ‘घनवाद आणि अमूर्त कला’ या प्रदर्शनाच्या ग्रंथात राजसत्तेच्या हाती छळ सोसलेल्या, वर्तुळे आणि चौकोन रंगविणाऱ्या चित्रकारांचे त्याने कृतज्ञतेने स्मरण केले. चौकोन रंगविणे हाही धोक्याचा धंदा होऊ शकतो, हे अमेरिकन वाचकाला तेव्हा सांगावे लागत होते. खुद्द अमेरिकेच्या जकात अधिकाऱ्यांनीही या प्रदर्शनासाठी आलेली काही शिल्पे कलाकृती मानण्याचे नाकारले होते.

1936 च्या या ग्रंथाच्या वेष्टनावर बारने एक आराखडा छापला. वर 1890, खाली 1935. मध्ये संप्रदायांची नावे आणि त्यांना जोडणारे बाण. सर्व प्रवाह अखेरीस भौमितिक व अभौमितिक अशा दोन अमूर्त धारांना मिळतात. मराठी समीक्षेत ‘केशवसुत संप्रदाय’ असा शब्दप्रयोग रूढ झाल्यावर कवी त्या वंशवृक्षावर बसविले जाऊ लागले. तसेच काहीसे येथे झाले. आराखडा सोयीचा होता, म्हणूनच तो इतिहास ठरला. बारला त्याच्या अपुरेपणाची जाणीव होती. अनुयायांना ती तितकीशी राहिली नाही.

जपानी छापचित्रे, निकट-पूर्वेची कला आणि आफ्रिकी शिल्प ही नावे आराखड्यात तांबड्या अक्षरांत आहेत. त्यांच्यापासून बाण निघतात, त्यांच्याकडे एकही येत नाही. पश्चिमेबाहेरील जगाने सामग्री पुरवावी आणि इतिहास मात्र पॅरिस, म्यूनिक, मॉस्को येथे घडावा, असा त्याचा अर्थ होतो. भारत तर सामग्रीतही नाही. वास्तविक 1922 च्या डिसेंबरात कलकत्त्यात क्ले व कँडिन्स्की यांच्या कृती बाउहाउसच्या प्रदर्शनातून आल्या होत्या आणि गगनेंद्रनाथ ठाकुरांची घनवादी वळणाची चित्रे त्यांच्या सोबतीला होती. बारच्या आराखड्याला हा प्रसंग सामावून घेणे शक्य नव्हते, कारण त्यात बाणाची दिशाच निराळी आहे. गगनेंद्रनाथांना अनुकरणकार ठरविणारी टीका पुढे याच दिशेने चालत राहिली.

1939 मध्ये ‘पिकासो : कलेची चाळीस वर्षे’ हे प्रदर्शन झाले. ‘गेर्निका’ त्यात होते आणि युद्धामुळे ते पुढेही संग्रहालयाकडेच ठेव म्हणून राहिले. बारचा अधिकार येथे शिगेला पोहोचला. परंतु विश्वस्तांना त्याची संथ लेखणी आणि लहरी वाटणारी निवड खुपत होती. 1942 च्या अखेरीस एका बूटपॉलिशवाल्याने सजविलेले आपले दुकान त्याने दर्शनी भागात मांडले, तेव्हा तर कहर झाला. 1943 मध्ये अध्यक्ष स्टीफन क्लार्क याने त्यास संचालकपदावरून दूर केले. अर्ध्या वेतनावर लिहीत बसण्याची मुभा मात्र दिली. स्वाभिमानी माणसाने राजीनामा दिला असता, असे कोणीही म्हणेल. बार ग्रंथालयातील एका कोपऱ्यात बसून राहिला. त्याने जतन केलेला संग्रह त्याला पदापेक्षा मोठा वाटत असावा. पिकासोवरील त्याचा विस्तृत ग्रंथ 1946 मध्ये निघाला. 1947 मध्ये संग्रहांचा संचालक म्हणून त्याची नेमणूक झाली. 1967 मध्ये निवृत्त होईपर्यंत तो त्या पदावर होता.

त्याच वर्षी या संग्रहालयाचे अमेरिकन चित्रकलेच्या दोन दशकांचे प्रदर्शन नवी दिल्लीत भरले. बाण आता न्यूयॉर्कहून निघू लागले होते.

बारचा मृत्यू 15 ऑगस्ट 1981 रोजी झाला. अखेरच्या काळात त्याची स्मृती लोपली होती. पुढच्याच महिन्यात ‘गेर्निका’ न्यूयॉर्कच्या भिंतीवरून उतरले आणि माद्रिदला रवाना झाले.