मान्यता नसलेल्या राज्याचे नाणे



कारखान्यात नवी युनियन निघते. तिची नोंदणी होते, पण मालक तिला मान्यता देत नाही. अशी युनियन पहिल्या आठवड्यात काय करते? पावतीपुस्तक छापून घेते! वर्गणी किती जमेल हा प्रश्न मागाहूनचा. पावतीवर आपले नाव असले पाहिजे. ही खटपट मी जन्मभर केली असल्यामुळे नागोर्नो-काराबाखच्या नाण्यांचे मला फारसे नवल वाटले नाही.

हा मुलूख कॉकेशसच्या डोंगरांतला. नावातला ‘नागोर्नो’ रशियन, ‘कारा’ तुर्की आणि ‘बाख’ म्हणजे फारशीतून आपल्याकडेही आलेली बाग. एका नावात तीन भाषा. भांडणाचे मूळ शोधावयास फार लांब जावयास नको. वस्ती बहुसंख्य आर्मेनियन. पण १९२३ साली सोव्हिएत सत्तेने हा स्वायत्त प्रांत म्हणून अझरबैजानात ठेवला. १९८८ साली प्रांताच्या सोव्हिएतने आर्मेनियात सामील होण्याची मागणी केली आणि १९९१ साली स्वतंत्र प्रजासत्ताक पुकारले. संयुक्त राष्ट्रांच्या एकाही सभासद देशाने त्याला मान्यता दिली नाही. पाठीराख्या आर्मेनियानेसुद्धा नाही!

तरीही २००४ साली या राज्याने स्वतःच्या नावाची नाणी काढली: पन्नास लुमा, एक द्राम, पाच द्राम. बाजारात चाले तो आर्मेनियाचा द्राम. ही नाणी भाजीवाल्यासाठी नव्हतीच. ती जगाला दाखविण्यासाठी होती. स्मरणार्थ काढलेल्या नाण्यांवर आर्मेनियन मठही आला. मठच का? या डोंगरांतला सर्वांत मानाचा मठ गांदझासार. त्याची हकीकत ऐकली म्हणजे उलगडा होतो.

गांदझासार म्हणजे खजिन्याचा डोंगर. खाचेनचा राजा हसन-जलाल याने तेथले मुख्य मंदिर १२१६ ते १२३८ या काळात बांधविले आणि १२४० साली त्याची प्रतिष्ठापना झाली. घुमटाखालच्या गोल भिंतीवर मांडी घालून बसलेल्या दात्यांच्या मूर्ती आहेत. त्यांनी मंदिराची प्रतिकृती डोक्यावर धरली आहे. ‘हे आम्ही बांधिले’ एवढे दगडात सांगून ठेवण्याची ती तऱ्हा. पुढे कित्येक शतके तेथे धर्मगुरूचे पीठ होते. ते रशियाच्या झारने १८३६ साली मोडले. राज्ये गेली, मठ उभा राहिला. म्हणून नव्या, कच्च्या राज्याने जुन्या, पक्क्या दगडाचा आधार घेतला. सातबारा मिळत नसला की माणूस आजोबांच्या हातची विहीर दाखवतो, तसेच हे.

पण आणखी एक गोष्ट सांगितली नाही तर तो अप्रामाणिकपणा होईल. १९९२ ते १९९४ च्या लढाईत आर्मेनियन फौजांनी काराबाखच्या भोवतालचे जिल्हेही घेतले आणि तेथील लाखो अझरबैजानी निर्वासित झाले. सुरक्षा समितीने १९९३ साली चार ठराव करून फौजा मागे घेण्यास सांगितले. अग्दाम शहराचे तर ढिगारे उरले. मठाच्या चित्रात ही माणसे कोठेच नाहीत.

पुढचे थोडक्यात. २०२० च्या चव्वेचाळीस दिवसांच्या युद्धात अझरबैजानने बरेच परत मिळवले. डिसेंबर २०२२ पासून लाचीनचा रस्ता अडला. अन्नऔषधांचे हाल झाले. १९ सप्टेंबर २०२३ रोजी हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी काराबाखने शस्त्रे खाली ठेवली आणि थोड्याच दिवसांत एक लाखाहून अधिक आर्मेनियन घरे सोडून निघाले. १ जानेवारी २०२४ पासून राज्य विसर्जित करण्याचा हुकूम त्याच्याच अध्यक्षाने काढला.

आता वाद भिंतींचा आहे. हे मठ प्राचीन कॉकेशियन अल्बानियाचे, आर्मेनियनांचे नव्हेत, असे बाकूकडून सांगितले जाते. गांदझासारच्या भिंतींवरचे कोरीव लेख मात्र आर्मेनियन आहेत. ते वाचणारी माणसे आज त्या डोंगरापाशी राहत नाहीत. नाणी संग्राहकांच्या पेट्यांत आहेत, आणि कधी हातोहात फिरलीच नसल्यामुळे बहुतेक कोरी करकरीत आहेत.